आंब्याखालचं खाचर आणि अंडरस्कोर

पाऊस लागला की एका रविवारी तरी औंढ्याला मामांकडे जायचं, हा आमच्याकडचा जुना नेम. (औंढे म्हणजे पुण्यातलं औंध नव्हे, साताऱ्याकडचं औंध नव्हे आणि हिंगोलीतलं औंढा नागनाथही नव्हे. लोणावळ्याला उतरायचं आणि तिथून पुढे. नातेवाइकांना हे सांगायची गरज नाही, पण ऑफिसातले मित्र दरवेळी "औंधला जायला एवढी तयारी कशाला?" असं विचारतात, म्हणून खुलासा.) यंदाही गेलो. लावणी चालू होती, लोहगड सकाळपासून ढगात बुडालेला होता, आणि माझं काम म्हणजे बांधावर उभं राहून चहा पिणं आणि लावणीच्या बायकांची थट्टा मुकाट्याने ऐकणं.

दुपारी जेवताना मामांनी विचारलं, "तुझं ते काम नक्की काय असतं रे? पंचवीस वर्षं ऐकतोय, पण डोक्यात काही शिरत नाही."

हा प्रश्न मला नवा नाही. लग्नकार्यात तो चुकत नाही, आणि मी दरवेळी "कॉम्प्युटरचं" एवढं सांगून सुटतो. या वेळी मात्र समोरच उत्तर होतं, म्हणून म्हटलं प्रयत्न करू.

मामांच्या घरात प्रत्येक खाचराला नाव आहे. वरचं, पाणथळ, दगडाचं, आंब्याखालचं. ही नावं सरकारदरबारी कुठेही नाहीत. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, बँकेला आणि तलाठ्याला तोच लागतो. घरातली नावं घरापुरती. मामांनी उद्या पाणथळाला दुसरं काही म्हणायचं ठरवलं तर तलाठ्याच्या दप्तरात एक अक्षर बदलावं लागणार नाही.

प्रोग्रॅम मोठा झाला की त्याचे असेच भाग पाडतात. एकेका भागाला मॉड्यूल म्हणतात. प्रत्येक मॉड्यूलमध्ये शेकडो नावं असतात. त्यातली काही बाहेरच्यांसाठी, म्हणजे गट नंबरासारखी. बाकीची आतल्या कामासाठी. बाहेरची नावं सहसा बदलायची नसतात. आतली मात्र आपल्याला हवी तेव्हा बदलता आली पाहिजेत, नाहीतर भाग पाडण्यात अर्थच उरत नाही.

"मग अडचण कुठे येते?" मामा म्हणाले.

अडचण आंब्याखाली येते. कारण आंब्याखालच्या खाचरात आता आंबा नाही. मी शाळेत होतो तेव्हाच तो वादळात पडला. नाव मात्र राहिलं, आणि घराबाहेर गेलं. वायरमन "आंब्याखालच्या पोलवर फ्यूज गेलाय" म्हणतो. ट्रॅक्टरवाला तेच म्हणतो. मध्यंतरी तिथे बोअर घेतली तेव्हा मामींनी त्याला "बोअरचं" म्हणायला सुरुवात केली. त्या वर्षी ट्रॅक्टरवाल्याला निरोप गेला की बोअरच्या खाचरात चिखलणी करायची आहे, आणि तो वरच्या अंगाला, शेजाऱ्यांच्या बोअरजवळ, चिखलणी करून मोकळा झाला. दोन दिवस बोलाचाली झाली. तेव्हापासून परत आंब्याखालचं.

घरातलं नाव घरातल्यांनी बदललं. त्यांचा हक्कच होता. आणि तरी घोटाळा झाला, कारण नाव घरातलं राहिलेलंच नव्हतं. यालाच आमच्या धंद्यात खासगी नाव बाहेर गळणं म्हणतात.

मामांना पटलं. मामींना मुळीच नाही. "चूक ट्रॅक्टरवाल्याची होती," असं त्यांचं अजूनही मत आहे. आणि मला आज जे लिहायचं आहे ते याच वाक्याबद्दल आहे. चूक कोणाची?

ज्यांना या विषयाशी देणंघेणं नाही त्यांनी पुढचे दोनतीन परिच्छेद वरवर वाचले तरी चालतील. (ताई, तुला सांगतोय.)

१९७२ साली डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. प्रोग्रॅमचे भाग कसे पाडावेत, एवढाच विषय. त्याचं म्हणणं असं की कामाच्या क्रमाने भाग पाडू नका. कोणते निर्णय उद्या बदलण्याची शक्यता आहे ते आधी बघा, आणि तो एकेक निर्णय एकेका भागाच्या पोटात लपवा. बाहेरच्याला तो कळलाच नाही, तर तो त्यावर विसंबूनही राहणार नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण या विषयातलं मुद्द्याचं बहुतेक सगळं तिथेच आलेलं आहे.

प्रश्न फक्त लपवायचं कसं हा. सी भाषेत एखादं फंक्शन फाइलपुरतं ठेवायचं तर त्याच्या आधी 'स्टॅटिक' असा शब्द लिहावा लागतो. विसरलात तर ते नाव सगळ्या प्रोग्रॅमभर खुलं. मॅक्रो तर कुठलीच हद्द मानत नाहीत. विंडोजची मुख्य हेडर फाइल घेतली की तिच्यातले 'मिन' आणि 'मॅक्स' नावाचे दोन मॅक्रो आपल्या घरात घुसतात आणि सी प्लस प्लसच्या त्याच नावाच्या फंक्शनांची वाट लावतात. ज्यांनी यात एखादी रात्र घालवली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

पायथॉनमध्ये रीत वेगळी. तिथे भिंत नाही, पाटी आहे. नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ, दिली की ते नाव खासगी समजायचं. कोणी 'सगळंच दे' अशा तऱ्हेने मॉड्यूल आयात केलं, तर अंडरस्कोरवाली नावं आपोआप येत नाहीत. पण नाव घेऊन मागितलं तर मिळतं, कोणी अडवत नाही. क्लासमध्ये दोन अंडरस्कोर दिले तर भाषा त्या नावाला क्लासचं नाव चिकटवून ते थोडं बदलते, पण तेही वारसा घेणाऱ्या क्लासशी नावांची टक्कर होऊ नये म्हणून. ते काही कुलूप नव्हे. शिवाय आपण आपल्या कामासाठी जी दुसरी मॉड्यूल आयात करतो, तीही आपल्या मॉड्यूलमधून बाहेरच्यांना दिसतात. मी गणितासाठी 'मॅथ' आणलं, तर माझ्याकडून ते उचलून वापरणारा कोणीतरी निघतोच, आणि मला 'मॅथ'ची गरज संपली म्हणून ती ओळ मी काढली की त्याचा प्रोग्रॅम पडतो. गंमत म्हणजे खुद्द पायथॉनच्या अधिकृत लायब्ररीतही अंडरस्कोरने सुरू होणारी पण खुशाल वापरा म्हणून दस्तऐवजात नोंदलेली फंक्शनं आहेत. म्हणजे पाटीवर 'आत येऊ नये' आणि दारात रांगोळी!

पायथॉनवाल्यांचं यावर म्हणणं असं की आपण सगळी मोठी माणसं आहोत, पाटी वाचता येते, भिंतींची गरज काय? मलाही हे पटायचं. अगदी मनापासून पटायचं. तर आता माझी गोष्ट.

२०११ साल असेल. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही. आमच्याकडे बिलांचं काम होतं, पायथॉनमध्ये. रकमांचं मॉड्यूल माझं. त्यात एक छोटं फंक्शन होतं, अंडरस्कोर लावलेलं, जे खात्याची थकबाकी काढून द्यायचं. रुपयांत, दशांश चिन्हासकट. आता दशांश अपूर्णांक संगणकात बिनचूक मावत नाहीत. दहा पैसे हा आकडासुद्धा त्याला नेमका साठवता येत नाही, आणि हजारो खात्यांच्या बेरजेत पैशा-दोन पैशांचा फरक पडायला लागतो. पैशांचे हिशेब पूर्णांकात, म्हणजे पैशांतच करावेत, हे कोणीही सांगेल. मी तेच केलं. फंक्शन रुपयांऐवजी पैसे द्यायला लागलं. माझ्या मॉड्यूलमध्ये जिथे जिथे ते वापरलं होतं तिथे बदल केला, सगळ्या चाचण्या चालवल्या, सगळ्या हिरव्या. काम चोख. घरी गेलो.

दुसऱ्या एका टीमचा प्रोग्रॅम रात्री थकबाकीची स्मरणपत्रं काढायचा. तो माझं हे अंडरस्कोरवालं फंक्शन वापरत होता. सकाळपर्यंत तीनशेच्या वर पत्रं गेली. १,२५० रुपये थकलेल्या माणसाला १,२५,००० रुपयांची मागणी.

दिवसभर फोन वाजत होते. एक आजोबा स्वतः येऊन बसले होते, पेन्शनचं पासबुक घेऊन. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही, लिफ्टमधून उतरताना मी त्यांना पाहिलंय. दोन्ही हातांत पासबुक धरून बसले होते.

दुपारी मीटिंग झाली. ते फंक्शन वापरणारी ओळ लिहिणारा मुलगा कंपनीत येऊन आठ महिने झालेले. मी ती ओळ पडद्यावर दाखवली आणि म्हणालो, "अंडरस्कोर दिसत नाही का? खासगी आहे ते. मी ते कधीही बदलू शकतो." खोलीतल्या कोणालाच यावर काही बोलता आलं नाही, कारण नियमाने मी बरोबर होतो. तो मुलगाही काही बोलला नाही. त्याला त्या कामावरून काढून दुसरीकडे टाकलं, आणि दोनेक महिन्यांत तो सोडून गेला.

आता जे लिहितोय ते आजवर घरातही कोणाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी मेल चाळताना मला त्याचं एक पत्र सापडलं. चार महिन्यांपूर्वीचं. 'सर, एका खात्याची थकबाकी काढण्यासाठी बाहेरून वापरता येईल असं फंक्शन तुमच्या मॉड्यूलमध्ये आहे का? नसल्यास देता येईल का?' आणि त्याखाली माझं उत्तर, एका ओळीचं. 'पुढच्या रिलीजला बघू.'

मी ते बघितलं नाही. त्याचं काम अडलं होतं, त्याने कोड वाचला, आत तेच करणारं फंक्शन दिसलं, आणि त्याने ते घेतलं. हे मी दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. नियम माझ्या बाजूने आहे ना, मग कशाला, असं स्वतःला समजावलं.

हे सगळं मी सोयीस्कर विसरलोही असतो. पण २०१८ च्या उन्हाळ्यात औंढ्याला भिंत उभी राहिली.

मामांच्या वाडीतून मुख्य रस्त्याला जायला एक पायवाट आहे. ती खालच्या अंगाच्या एका जमिनीतून जाते. दूध त्या वाटेने जायचं, शाळेची पोरं त्या वाटेने जायची, माझी आई लग्न होऊन त्याच वाटेने गाव सोडून गेली. ती जमीन विकली गेली. लोणावळ्याच्या आसपास काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे, कुठल्याही टेकडीवर उभं राहिलं तरी बंगल्यांची लाल कौलं दिसतात. नव्या मालकांनी मे महिन्यात कंपाउंड घातलं. वाट बंद. पावसात वाडीला पाऊण किलोमीटरचा वळसा.

मामा त्यांच्याकडे गेले, मीही गेलो. गृहस्थ सज्जन होते, आवाजही चढवला नाही. सातबारा पुढे केला आणि म्हणाले, "जागा माझी आहे. यात वाट कुठे लिहिली आहे, दाखवा."

परत येताना मी संतापाने नुसता फणफणत होतो. कागद दाखवतो काय! पन्नास वर्षं माणसं चालतायत, ते दिसत नाही? डोळ्यांसमोर मळलेली वाट आहे, गवत उगवत नाही तिच्यावर! मग रात्री बसून वडगावला तहसीलदारांकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा मीच लिहायला घेतला. 'सदर जमीन प्रतिवादी यांच्या मालकीची असली तरी...' एवढं लिहिलं आणि थांबलो. ती मीटिंगची खोली डोळ्यांसमोर आली. जागा माझी आहे. अंडरस्कोर दिसत नाही का?

तेव्हा मला नीट कळलं की बंगलेवाले गृहस्थ आणि मी, आमच्यात काही फरक नव्हता.

आपल्या कायद्याने या गोष्टीचा विचार फार पूर्वी केलेला आहे, हे मला त्या अर्जामुळे कळलं. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा सांगतो की एखादी वाट उघडपणे, शांतपणे, हक्काने, खंड न पडता वीस वर्षं वापरली गेली, तर ती वापरण्याचा अधिकार तयार होतो. मालकी जमीनमालकाचीच राहते, पण वाट त्याला एकट्याच्या मर्जीने बुजवता येत नाही. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली असा अडथळा दूर करायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. गावात या सगळ्याला एकच शब्द आहे, वहिवाट. आणि या कायद्यातली एक खोच मला फार आवडली. तुम्ही परवानगी घेऊन चालत असाल, तर कितीही वर्षं चाला, हक्क तयार होत नाही. म्हणजे ज्या मालकाला आपलं स्वातंत्र्य टिकवायचं आहे त्याने भिंत घालण्याऐवजी एक फाटक लावावं आणि सांगावं, "जा बाबांनो, पण फाटक माझं आहे."

सॉफ्टवेअरमध्येही वहिवाट असते. गूगलमध्ये काम केलेले इंजिनिअर हायरम राइट यांच्या नावाने एक नियम सांगतात. तुमचे वापरणारे पुरेसे वाढले की तुम्ही कागदावर काय कबूल केलं आहे याला महत्त्व राहत नाही, तुमच्या प्रोग्रॅमचं जे जे म्हणून बाहेरून दिसतं त्या प्रत्येकावर कोणी ना कोणी विसंबलेलं असतं. पाटी कितीही मोठी लावा. रिअ‍ॅक्ट या प्रसिद्ध लायब्ररीत एक आतलं नाव होतं, त्याचा अर्थ साधारण असा: 'गुप्त अंतर्भाग, वापरू नका, नाहीतर नोकरी जाईल.' खरंच हेच नाव! तरी लोकांनी वापरलं. शेवटी २०२४ च्या आवृत्तीत त्यांनी ते नाव बदलून 'वापरू नका, नाहीतर तुमच्या वापरकर्त्यांना सांगून ठेवा की त्यांना पुढे अपग्रेड करता येणार नाही' अशा अर्थाचं केलं. मला हा बदल समजूतदारपणाचा वाटतो. आधी धमकी होती, आता परिणाम काय होईल ते सांगितलंय.

मळलेली वाट बंद करायची वेळ आलीच तर ती कशी करावी, याचं मला सगळ्यात चांगलं वाटलेलं उदाहरण जावाचं. जावाच्या पोटात 'अनसेफ' नावाचा एक क्लास होता. नावातच इशारा. तो फक्त आतल्या लोकांसाठी होता, पण वेगासाठी असंख्य लायब्रऱ्यांनी तो वापरायला घेतला. जावाला मॉड्यूलच्या खऱ्या भिंती घालायचं काम २००८ मध्ये सुरू झालं आणि त्या भिंती प्रत्यक्ष आल्या सप्टेंबर २०१७ मध्ये, नवव्या आवृत्तीत. पण त्या दिवशीही जुन्या आतल्या वाटा एकदम बुजवल्या नाहीत. आधी नुसती ताकीद छापली जायची. २०२१ च्या मार्चमध्ये, सोळाव्या आवृत्तीत, वाट मुळात बंद झाली, पण हट्टाने उघडायची सोय ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, सतराव्या आवृत्तीत, ती सोयही गेली. 'अनसेफ'ला मात्र यातून वगळलं, कारण त्याला तेव्हा पुरता पर्याय नव्हता. पर्याय तयार झाल्यावर २०२४ मध्ये, तेविसाव्या आवृत्तीत, त्यातली मेमरीला हात घालणारी फंक्शनं काढली जाणार आहेत अशी खूण केली. आधी नवा रस्ता, मग नोटीस, मग भिंत. या सगळ्याला त्यांनी वर्षं घेतली, आणि तरी लोकांनी कुरकुर केलीच.

आणि नोटीसही नाही, भिंतही नाही, असं झालं की काय होतं, हे तुम्हाआम्हा मराठी लिहिणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. जुने फाँट आठवा. युनिकोडच्या आधी प्रत्येक मराठी फाँटची आपली आतली मांडणी असायची. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. अर्धा ग एका जागी, त्याची काठी दुसऱ्या जागी. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून साठवायचीही अक्षराच्या आधी. ही मांडणी हा फाँटचा घरगुती मामला होता, त्या फाँटच्या बाहेर ती कोणाला कळायचं कारणच नव्हतं. पण आपण टंकलेली प्रत्येक फाइल नेमके तेच आतले आकडे साठवत गेली. अक्षर कोणतं हे साठवलंच नाही, तुकडा कोणत्या खणात आहे ते साठवलं. म्हणून वर्तमानपत्राची साइट उघडायची तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यायचा, आणि फाँट बदलला की अख्खं पान इंग्रजी अक्षरांचा कचरा. अक्षर आणि त्याचं चित्र वेगळं ठेवायचं हा विचार तेव्हा नव्हता असंही नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये आलं होतं, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण रोजच्या टंकलेखनात सोय जिंकली. माझ्या वडिलांच्या आठवणींची साठ पानं अशाच एका फाँटमध्ये आहेत. त्यांनी ती निवृत्तीनंतर एका बोटाने टंकली होती. मी कन्व्हर्टर लिहून ती सोडवायला घेतली आहेत, पण काही जोडाक्षरं आजही कशीच सुटत नाहीत, आणि तिथे नक्की कोणता शब्द होता हे विचारायला ते नाहीत.

तर मग चूक कोणाची?

माझं मत आता असं झालंय. एकाच घरात, एकाच टीममध्ये, अंडरस्कोर पुरतो. आवाज दिला की ऐकू जातं तिथे भिंती कशाला? माझी स्वतःची छोटी कामं मी आजही तशीच करतो. पण उंबऱ्याबाहेर अनोळखी माणसं वापरणार असतील, तर पाटी पुरत नाही. जे दिसतं ते वापरलं जाणार, हे धरूनच चालावं. लपवायचं असेल तर पहिल्या दिवशी लपवावं, तेव्हा ते फुकट असतं. नंतर प्रत्येक दिवसाला त्याची किंमत वाढते.

माझे काही मित्र म्हणतात, अरे, मग काहीच बदलता येणार नाही. कोणी आगाऊपणे आतलं नाव वापरलं म्हणून मी जन्मभर बांधला गेलो का? नाही, तसं मी म्हणत नाही. माझा पैशांचा बदल बरोबरच होता, तो व्हायलाच हवा होता. पण बदलायच्या आधी फक्त आपल्या फोल्डरमध्ये न शोधता शेजारच्यांच्यातही शोधायला मला दहा मिनिटं लागली असती. एक मेल टाकायला आणखी पाच. हक्क आहे म्हणून न सांगता बदलणं आणि हक्क असूनही सांगून बदलणं यात पंधरा मिनिटांचा फरक होता. वापरणाऱ्यानेही विचारावं, हे खरंच. पण तो विचारून गेलाय का, हे आधी बघावं. आतलं नाव कोणी वापरताना सापडलं तर त्याला झापण्याआधी मी आता एकच प्रश्न विचारतो: याला काय हवं होतं, जे आपण बाहेरच्या दाराने देत नाही? बहुतेक वेळा उत्तर सापडतं, आणि बहुतेक वेळा ते देणं अवघड नसतं.

औंढ्याची केस निकालापर्यंत गेलीच नाही. तारखा पडत होत्या, तेवढ्यात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून तोड काढली. वाट बांधाच्या कडेने सरकवली, मोटरसायकल जाईल एवढी, आणि तिच्यावर लोखंडी फाटक. तसं लिहूनही घेतलं. मामा तेव्हा म्हणाले होते, "आपणही आधीच्या मालकाला कधी विचारलं नव्हतंच म्हणा." हे मात्र मी अर्जात लिहिलं नव्हतं.

आणि तो मुलगा. गेल्या आठवड्यात, औंढ्याहून परत आल्यावर, त्याचा पत्ता शोधून मी मेल पाठवली. त्याचं चार महिन्यांचं जुनं पत्र, माझं एका ओळीचं उत्तर, मीटिंग, सगळं लिहिलं आणि माफी मागितली. आता तो स्वतःच एक टीम सांभाळतो. त्याचं उत्तर आलं, माझ्या तेव्हाच्या उत्तरापेक्षा बरंच मोठं आणि बरंच मोकळं. त्याला ते पत्र आठवत होतं. मीटिंगमध्ये ते दाखवायचं त्याच्या मनात होतं, पण सीनिअर माणसाला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं कसं, म्हणून गप्प बसलो, असं त्याने लिहिलंय. शेवटी विचारलंय, ते फंक्शन नंतर बाहेरच्यांसाठी खुलं केलंत का?

केलं होतं. तो गेल्यावर तीन आठवड्यांनी, बिनअंडरस्कोरचं. काम अर्ध्या तासाचं होतं.

असो. बरंच लांबलं. मामींना हे वाचून दाखवायचं काम ताईकडे. ट्रॅक्टरवाल्याबद्दल त्यांचं मत बदललं तर कळव.